कमलाबाईच्या हाताची सोनोग्राफी

साहेब, माझ्या उजव्या हाताची नस तुम्ही बंद पाडलीत. दुसऱ्या कुणी नाही, तुम्ही. तुमचं नाव इथं लिहीत नाही. भितो म्हणून नव्हे. लिहिता लिहिता माणसाच्या नावाचं काय वाटोळं होतं ते तुमच्याच कचेरीत बघितलं म्हणून. आता वाचाच. तोंडानं सांगत होतो तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत.

गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची, ऐन थंडीतली. माझं कटिंगचं दुकान एसटी स्टँडच्या मागं, आजही तिथंच आहे. सकाळची वेळ. खुर्चीत बबन पैलवान मान मागं टाकून बसलेला, गालाला फेस, आणि माझा वस्तरा त्याच्या नरड्यावर. तेवढ्यात माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. गेलं म्हणजे जागेवर होतं, पण माझं राहिलं नाही. दोन्ही पांढरीफटक, चुन्यात बुडवून काढल्यासारखी.

"थांबलास का रं?" पैलवान डोळे मिटूनच म्हणाला.

"हलू नका."

"का?"

"वस्तरा कुठं टेकलाय ते मला कळंना झालंय."

आखाड्यात कुणाच्या बापाला न भिणारा गडी, त्यानं श्वास रोखून धरला. मी डाव्या हातानं उजवं मनगट पकडलं आणि वस्तरा अल्लाद उचलला. मग पैलवान जो उठला तो अर्धी दाढी आणि अर्धा फेस घेऊन रस्त्यापलीकडं जाऊन थांबला.

"कमळाबाई," तिथनं ओरडला, "आधी त्यो हात डाक्टरला दाव! मग लोकांच्या नरड्याला लाव!"

कमळाबाई म्हणजे मी.

माझं नाव कमलाकर दत्तोबा काशीद. सगळ्यांचं निघालं तसं माझंही सरकारी ओळखीचं कार्ड निघालं. तुमच्या माणसानं 'कमला' लिहिलं, मग त्याचं बोट कुठंतरी टेकलं, मध्ये जागा सुटली, आणि मग त्यानं 'कर' लिहिलं. मशीननं 'कमला' हे नाव धरलं. 'कर' कुठं गेला देव जाणे, बहुतेक घरपट्टीत जमा झाला असेल. आता कमला म्हटल्यावर बाई. बाई म्हटल्यावर मधलं नाव नवऱ्याचं. झालं. कार्ड हातात पडलं: कमला. स्त्री. पती, दत्तोबा.

दत्तोबा माझा बाप आहे, साहेब.

वर फोटो माझाच होता, मिशीसकट. तोसुद्धा कुणाला खटकला नाही.

घरात धमाल उडाली. आई ताट वाढताना म्हणायची, "ये सवती, भाकरी खाऊन घे." माझी बायको शकू तिच्यापुढची. ती म्हणायची, "आत्यांची सवत म्हणजे माझी धाकटी सासूच की! धाकट्या आत्या, जाताना तेवढं दळण टाकून जावा." अण्णा, म्हणजे माझे वडील, एका कानानं बहिरे, ते दुसऱ्या कानानं ऐकून म्हणायचे, "ह्या सोयरिकीत मला कुणी इचारलंच न्हाई."

मी मात्र हसत नव्हतो. आम्हा न्हाव्यांची दुकानं सोमवारी बंद. दर सोमवारी मी अण्णांना घेऊन तुमच्या कचेरीत यायचो. अण्णांना कशाला, तर बाईच्या नावात बदल करायचा तर पतीची संमती लागते, असं तुमच्या शिपायानं सांगितलं होतं. तुम्ही म्हणायचात, "प्रकरण वर पाठवलंय." मी विचारायचो, वर म्हणजे कुठं? तुम्ही पंख्याकडं बघायचात.

तर असो. बोटाकडं येतो.

चौकातल्या डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला, बोटं दाबली, ओठ चावला. म्हणाले, "ह्या दोन बोटांना रक्त पोचत नाही. हाताची कलर सोनोग्राफी करा. आजच. नस कुठं अडकलीय ते कळलं पाहिजे."

"उद्या केली तर?"

"उद्या निळी होतील, परवा काळी. मग कापावी लागतील."

"डाक्टर, माझी रोजीरोटी ह्या बोटांवर हाय."

"म्हणूनच आजच म्हणतोय."

घरी येऊन सांगितलं, तर सोनोग्राफी हा शब्द ऐकल्याबरोबर आईनं हातातली परात खाली ठेवली.

"कुणाची?"

"माझी."

"कितवा लागलाय?" आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून एवढी हसली की तिला ठसका लागला. मग माझी बोटं बघितली आणि हसायची थांबली. स्वतःच अण्णांची टोपी झटकून त्यांच्या डोक्यावर ठेवली. "जावा ह्येच्यासंगं. आनि भांडू नगासा."

आमच्या तालुक्यात तेव्हा मशीन एकच, डॉक्टर मुजावर बाईंचं. दारातच लाल अक्षरात पाटी: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. आत बाकावर ओळीनं पोटुशा बाया, आणि त्यांच्या मध्ये मी आणि अण्णा. खिडकीत पूनम नावाची मुलगी बसलेली.

"कमला काशीद!" तिनं पुकारलं.

"हां, आलो."

"पेशंटला पाठवा, दादा. तुम्ही बसा."

"मीच पेशंट."

तिनं कार्ड बघितलं. मला बघितलं. मिशी बघितली. परत कार्ड बघितलं. मी वाद नको म्हणून हात खिडकीतून आत घातला आणि तिच्यासमोर टेकवला.

"हाताची करायचीय."

"पाणी प्यालात?"

"न्हाई."

"मग काय दिसणार आहे? जा, बाहेर माठ आहे. भरपूर पाणी प्या. लघवी दाटून आली की सांगा. त्याशिवाय मॅडम आत घेत नाहीत."

ती रोज येईल त्याला हेच सांगत होती. काय तपासायचंय ते ऐकून घ्यायची सवयच नव्हती तिला. पण मी सातवी शिकलेला माणूस, मला ते पटलं. नस तुंबलीय, मागून पाण्याचा रेटा दिला की सुटत असेल. गटार तुंबलं की आपण बादली ओततोच. मी माठापाशी गेलो आणि प्यायला लागलो.

बाकावरची एक बाई अनुभवी होती, मांडीवर एक आणि पोटात एक. म्हणाली, "भाऊ, घोट घोट नका पिऊ. गटागटा ओता. लवकर दाटून येतं."

मी गटागटा ओतलं. पोट तट्ट फुगलं. आता मी त्या बाकावर शोभायला लागलो.

मग पूनमनं परत बोलावलं आणि एक कागद पुढं सरकवला. "इथं सही. 'मला पोटातल्या बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही.'"

"अगं बाई," मी म्हणालो, "चार वर्षं झाली, मला माझंच ठरवून मिळंना. बाळाचं कुठनं काढलंस?"

सगळा बाक हसला. एक बाई पोट धरून म्हणाली, "नका हसवू हो, मला आठवा आहे."

पूनमला हसू आलं नाही. बिचारी घाबरली होती. "दादा, मागच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यात एका अक्षराच्या चुकीवरनं मशीनला सील लागलं. कार्डावर स्त्री लिहिलंय, वय बसतंय, मला सही पाहिजे. तुम्ही दिसता कसे त्याच्याशी माझा संबंध नाही. आणि मिस्टर आलेत का?"

"कुणाचे?"

"तुमचे. दत्तोबा."

आपलं नाव तेवढं अण्णांना बरोबर ऐकू यायचं. काठी टेकत उठले. "हाय! दत्तोबा हजर हाय!"

पूनम अण्णांकडं बघत राहिली. धोतर, काठी, तोंडात एक दात. "हे... तुमचे मिस्टर?"

मांडीवर पोर असलेली बाई कळवळली. "वय बघून तरी द्यायचं हो पोरीला."

"काय म्हंती ती?" अण्णांनी विचारलं.

मी त्यांच्या चांगल्या कानापाशी जाऊन ओरडलो, "माझा नवरा म्हनून सही करा म्हंती!"

अण्णांची काठी वर गेली. "मी बाप हाय ह्येचा! बारसं केलंय म्या ह्येचं, लगीन न्हाई लावलं ह्येच्यासंगं!"

"म्हणजे कार्डावर खोटं आहे?" पूनमनं विचारलं.

"खोटं! सपशेल खोटं!"

"मग खोट्या कार्डावर सोनोग्राफी होत नाही."

घ्या. खरं मानलं तर मी बाई, आणि बाई असलो तर नवऱ्याची सही पाहिजे, आणि नवरा माझा बाप, आणि बाप सही करायला तयार नाही. खोटं मानलं तर हातच तपासायचा नाही. ह्या सगळ्या गोंधळात मी खाली बघितलं. बोटं पांढरी राहिली नव्हती. नखांच्या कडेनं निळी पडायला लागली होती. डॉक्टरनं उद्या म्हटलेलं आजच सुरू झालं होतं.

मी नुसता हात वर धरला.

आरडाओरडा ऐकून डॉक्टर मुजावर बाहेर आल्या होत्या. ठेंगण्याशा, चष्मा कपाळावर. त्यांनी सरळ माझं मनगट धरलं, दोन्ही अंगठ्यांनी दोन्हीकडून दाबलं. "मूठ घट्ट करा. उघडा." मूठ उघडली. तळवा पांढरा. त्यांनी करंगळीच्या बाजूचा अंगठा उचलला. तळवा पांढराच. पुन्हा तसंच करून अंगठ्याच्या बाजूचा उचलला, तेव्हा हळूहळू थोडी लाली आली, पण त्या दोन बोटांपर्यंत पोचलीच नाही.

"ह्यांना आत घ्या. आत्ता."

"मॅडम, कार्डावर स्त्री—"

"पूनम, कार्डाला बोटं आहेत का?"

मी आत निघालो. मागून अण्णा.

"आजोबा, तुम्ही बाहेर बसा."

"बाई, कागदावर मी नवरा हाय न्हवं? मग नवरा म्हनून आत बसतो. आजपातूर त्या कार्डाचा कायबी उपेग झाला न्हाई."

बाईंनी हात जोडले आणि अण्णांना स्टुलावर बसवलं.

आतली खोली अंधारी. बाईंनी माझ्या तळव्यावर गार गार चिकट काहीतरी ओतलं आणि वर ते दांडकं टेकवलं. पडद्यावर राखाडी गोधडी दिसायला लागली. अंगठ्याच्या बाजूला दांडकं नेलं तर गोधडीत लाल ठिपका उमटला आणि मशीनमधून आवाज आला: फुस्स, फुस्स, फुस्स. सायकलच्या पंपासारखा.

"हा तुमच्या रक्ताचा आवाज. ही नस चांगली आहे."

मग दांडकं करंगळीच्या बाजूला सरकलं. तळव्याची ती खालची गादी असते ना, मनगटाच्या जरा पुढं, तिथं. मशीन गप्प. बाईंनी दांडकं तिरकं केलं, उभं केलं, एक बटण फिरवलं. गप्प. लाल नाही, निळं नाही. त्या अंधारात माझ्या हाताचा एक तुकडा मेल्यासारखा गप्प बसला होता, आणि ते ऐकू येत होतं.

"मशीन बंद पडलं व्हय?" अण्णा म्हणाले.

"मशीन चालू आहे, आजोबा. नस बंद आहे." बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा. इथं नस फुग्यासारखी फुगलीय आणि फुग्यात रक्ताची गुठळी बसलीय. पुढं काही जाऊ देत नाही."

अण्णा पुढं वाकले, डोळे बारीक केले. "व्हय की. डोस्कं दिसतंय."

"आजोबा!"

"पोरगा वाटतोय."

"आजोबा, पाया पडते तुमच्या! हे वाक्य ह्या खोलीत म्हणायचं नाही. दाराबाहेर कुणी ऐकलं तर माझं मशीन जाईल!"

आणि नेमकं तेव्हाच, साहेब, माठातलं पाणी पोचलं. रक्त पोचत नव्हतं पण पाणी पोचलं. मी पाय आवळले, दात आवळले. शेवटी राहवेना म्हणून शाळेत करत होतो ते केलं. करंगळी वर केली.

"हो, तीच बघतेय," बाई पडद्याकडं बघत म्हणाल्या.

मी आणखी वर केली.

"फार दुखतेय का?"

"न्हाई बाई. करंगळी म्हंजे... करंगळी. जायचंय."

बाई वळल्या. "पाणी प्यालात?"

"तुमच्या पोरीनं माठ दावला."

"हाताच्या सोनोग्राफीला पाणी?" त्यांनी कपाळ मशीनला टेकवलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. "जा. पळा."

मी हाताला ती चिकट मलई घेऊन बाकासमोरून पळालो. मांडीवर पोर असलेली बाई वाट बघत होती. परत येताना तिनं गाठलंच. "काय म्हणाल्या हो?"

"नस बंद हाय म्हणाल्या."

"नसबंदी झालीय?" ती उडालीच. "मग तुम्ही इथं आलात कशाला?"

ही बातमी मी घरी पोचायच्या आधी स्टँडवर पोचली होती, पण ते जाऊ द्या.

आत गेलो तर बाई गंभीर झाल्या होत्या. "कमलाकर," त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली. चार वर्षांत कचेरीबाहेर किंवा आत कुणी मारली नव्हती. "ही नस अशी आपोआप फुगत नाही. ह्या जागेवर सारखा मार बसला की असं होतं. हातोड्याऐवजी तळवा वापरणाऱ्यांना होतं. तुम्ही काय करता?"

"कटिंग-दाढी."

"मालिश? डोक्यावर हात मारता?"

मी हवेत चंपी करून दाखवली. तिला बोटं लागतात, आणि दोन्ही हातांची. बाईंनी मान हलवली. "मग गवंडीकाम? टायर? तंबाखू, विडी?"

"कशाचंच नाव न्हाई, बाई."

"आठवा. उजवा हात. ही गादी. जोरात. पुन्हा पुन्हा."

मी आठवत होतो. खरंच आठवेना. स्टुलावरनं अण्णा बोलले.

"टेबल."

"काय?"

"टेबलावर हानतो की त्यो. दर सोमवारी. सायबाच्या."

साहेब, आता आलं ध्यानात?

"दाखवा," बाई म्हणाल्या. "डाव्या हातानं दाखवा. माझ्या टेबलावर. साहेबांना म्हणता तसं म्हणून."

मी उभा राहिलो. त्यांच्या टेबलाकडं बघितलं आणि मला तुम्ही दिसलात. ती हिरव्या कापडावरची काच, काचेखाली देवादिकांचे फोटो, कडेला तुमचा चहा. "मी," मी म्हणालो आणि डावा तळवा हाणला. "बाई." हाणला. "हाय." हाणला. "का?" तो असा हाणला की मलईची बाटली उडून अण्णांच्या मांडीवर पडली आणि पूनम दार उघडून आत धावली.

"हाच हातोडा," डॉक्टर मुजावर म्हणाल्या.

मी परत जागेवर बसलो. मला दर सोमवार दिसायला लागला. तुमची काच तीनदा तडकली होती, तुम्ही तिन्ही वेळा बदलून घेतलीत. मी दारात दिसलो की तुमचा शिपाई पेपरवेट उचलून खिशात घालायचा. आणि तुम्ही, साहेब, तुम्ही तर तरबेज झाला होतात. माझा हात वर गेला की तुम्ही कप उचलायचात, हात खाली आला की परत ठेवायचात, बोलणं मध्ये न तोडता. थेंब सांडला नाही कधी. चार वर्षांत तुम्ही एवढं शिकलात. एक मोकळी जागा पुसायला शिकला नाहीत.

बाईंनी रिपोर्ट लिहायला घेतला. वर नाव लिहायची वेळ आली तेव्हा पूनम हळूच म्हणाली, "मॅडम, कार्डाप्रमाणं कमला घालायला लागेल."

"मी कार्ड नाही तपासलं, हात तपासलाय. कमलाकर. पुरुष."

"सील लागलं तर?"

"तर सोमवारी मी ह्यांच्याबरोबर जाईन टेबल वाजवायला." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही नाही वाजवायचं. हा हात आयुष्यात कशावरही आपटायचा नाही. समजलं? आज निघा मिरजेला. मी फोन करते."

मिरजेत ऑपरेशन झालं. पायातली शीर काढून हातात बसवली. शेजारचं बोट वाचलं. करंगळीचं वरचं पेर गेलं. आता मला जायचं असलं तर मी अर्धीच करंगळी दाखवू शकतो, आणि लोक विचारतात, अर्ध्यासाठी कशाला उठता? कात्री धरायला ते पेर लागत नाही, ते आमचं नशीब. बबन पैलवान पहिला गिऱ्हाईक म्हणून आला. त्या दिवशीची दाढी अर्धीच झाली होती म्हणाला.

ऑपरेशननंतरच्या पहिल्याच सोमवारी मी आलो होतो, आठवतं? हात गळ्यात बांधलेला. तुम्ही सवयीनं कप उचललात आणि उचललेलाच धरून बसलात, कारण हात काही खाली आला नाही. मी हळू आवाजात म्हणालो, "साहेब, मी बाई हाय का?" तुम्ही म्हणालात, "असं शांतपणे सांगितलं असतंत तर कधीच झालं असतं."

मी तेव्हा काही बोललो नाही. बोटाला टाके होते.

पुढं नवीन कार्ड आलं. तुम्ही दुरुस्ती केलीत, मी नाही म्हणत नाही. कमलाकर, सलग. पुरुष. आणि त्याच्या खाली, जसंच्या तसं: पती, दत्तोबा.

आईनं ते बघितलं आणि हसून लोळायची बाकी राहिली. "आता तर सवतीला मिशाबी फुटल्या कागदावर!" अण्णांनी कपाळाला हात लावला. मी म्हणालो, जाऊ द्या. माझा एक हात गेला होता, दुसरा मला जपायचा होता. मी सोमवारी तुमच्याकडं यायचं बंद केलं. तुम्हाला वाटलं असेल, प्रकरण मिटलं.

अण्णा गेले ह्या उन्हाळ्यात. झोपेतच गेले. घराला त्यांच्या जागी वारस लावायचे म्हणून मी आईला घेऊन तुमच्या कचेरीत आलो. टेबल तेच. काच नवी. तुमच्या जागी बसलेल्या पोरानं मशीनमध्ये बघून वाचून दाखवलं. मयत दत्तोबा. जोडीदार, कमलाकर. मग त्यानं आईचं कार्ड हातात घेतलं, बराच वेळ काहीतरी शोधलं आणि म्हणाला, "जोडीदार एकच बसतो. आजींना 'इतर'मध्ये टाकतो."

आई त्या टेबलासमोर उभी होती. लग्न होऊन ह्या गावात आली तेव्हा तिला परकर नीट सावरता येत नव्हता, एवढी लहान होती. अण्णांचं जेवण, अण्णांचं आजारपण, अण्णांचा तो बहिरा कान, सगळं तिनं केलं. मला वाटलं ती आताही सवतीचा काहीतरी विनोद करील. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "इतर म्हंजे कोन रं?"

माझा उजवा हात वर गेला, साहेब. त्या पोरानं कप उचलला. म्हणजे जाताना तुम्ही त्याला तेवढं शिकवून गेला होतात. मी हात तसाच खाली घेतला आणि खिशात घातला, आणि घरी येऊन हे लिहायला बसलो, कारण लिहिण्यानं नस बंद पडत नाही.

तुम्ही निवृत्त झालात असं कळलं. हरकत नाही, उत्तर घरी बसूनही देता येतं. बाकी काही नको. बोटाचं पेर परत मागत नाही. माझी आई अण्णांची कोण, एवढं सांगा. वर पाठवलंय म्हणू नका, वर आता अण्णाच आहेत, ते तिथं वाट बघतायत. सांगा, साहेब. माझी आई दत्तोबाची कोण?